खांब कुठे रोवायचा

विद्यापीठाच्या नव्या इनडोअर हॉलच्या दारावर पितळी अक्षरांत ‘बहुउद्देशीय क्रीडागृह’ असं लिहिलं होतं. त्यातला ‘क्रीडा’ हा शब्द नुसता शोभेला आहे, असं बाईंचं मत हॉल उघडल्यानंतर थोड्याच महिन्यांत पक्कं झालं होतं.

बाई म्हणजे मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या प्रशिक्षक. मुली त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे शिट्टी, कारण शिट्टी गळ्यात नसली तर ती त्यांच्या ओठांतच असायची. हे टोपणनाव बाईंना ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं. पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

हा हॉल व्हावा म्हणून बाईंनी कितीतरी वर्षं डोकेफोड केली होती. आधी त्यांचा संघ बाहेरच्या मातीच्या मैदानावर खेळायचा. तिथे बॉल घ्यायला मुलगी झेपावली की गुडघ्याची साल मैदानावरच राहायची. वारा सुटला की सर्व्हिस भलतीकडे जायची, आणि ऊन कलल्यावर एका बाजूच्या मुलींना समोरचं काही दिसायचंच नाही. बाई प्रत्येक बैठकीत हात वर करायच्या आणि हॉलचा विषय काढायच्या. मग तो विषय निघायच्या आतच लोक घड्याळ बघायला लागले. तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी हॉल झाला. आत गुळगुळीत लाकडी फ्लोअर, उंच छत, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांच्या पायऱ्या. आणि मातीच्या मैदानावर डांबर टाकून हॉलला येणाऱ्यांच्या गाड्यांची सोय झाली. मैदान गेलं याचं बाईंना तेव्हा काहीच वाटलं नाही.

पहिले काही आठवडे मुली तिथे अशा खेळल्या की बघत राहावं. मग पदवीदान समारंभ आला, आणि त्यानंतर हॉल जणू गावजेवणाची पंगत झाला. परीक्षेची बाकं आली, नोकरी मेळावा आला, पुस्तकांचं प्रदर्शन, रक्तदान शिबिर, कुठल्याशा परिषदेचं चहापान. बाईंनी आठवडाभर आधी वेळ मागितली तरी आयत्या वेळी काहीतरी निघायचं. मिळालाच हॉल तर अर्धा मिळायचा. मधोमध पडदा आणि पडद्यापलीकडे खुर्च्यांच्या थप्प्या. अर्ध्या हॉलमध्ये जाळी लावता येत नाही. मुली तिथे धावायच्या, उठाबशा काढायच्या, भिंतीवर बॉल मारायच्या आणि खऱ्या सरावाला शेजारच्या शाळेच्या पटांगणात जायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या होत्या, पण त्यांचं पटांगण म्हणजे नुसती खडी.

सगळ्यात अवघड गोष्ट अशी की हॉलचा व्यवस्थापक हा बाईंचा सख्खा धाकटा दीर होता.

दोघं एकाच घरात राहत होते. खाली बाई, त्यांचा नवरा आणि सासूबाई. वर दीर आणि जाऊ. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र, हा सासूबाईंचा दंडक होता. ही नोकरी निघाली तेव्हा बाईंनीच दिराला अर्ज करायला लावलं होतं. आपलं माणूस तिथे बसलं तर आपल्या मुलींची आबाळ होणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो हिशेब असा काही उलटला की बाई स्वतःवरच चिडायच्या. परक्या माणसाला त्या ऑफिसात जाऊन चार शब्द सुनावू शकल्या असत्या. दिराला काय सुनावणार? तो ऑफिसात त्यांना मॅडम म्हणायचा, घरी वहिनी म्हणायचा, आणि दोन्हीकडे त्यांची नजर चुकवायचा.

एकदा जेवताना बाईंनी विषय काढलाच. परीक्षा संपली आहे, मेळावा संपला आहे, आता पूर्ण हॉल द्यायला काय हरकत आहे, असं त्यांनी विचारलं. दीर म्हणाला, फ्लोअरला पॉलिश करायचं आहे. मागच्या महिन्यातच पॉलिश झालं ना, असं बाई म्हणाल्या. तो पाणी प्यायला, आणि मग छतावरच्या दिव्यांचं काहीतरी सांगायला लागला. सासूबाईंनी ताटावरून हात न उचलता फर्मान काढलं, की या घरात यापुढे हॉलचं नाव निघणार नाही. त्या हॉलपायी पोळी गिळवत नाही कुणाला. बाईंच्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे कोशिंबीर वाढून घेतली.

बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की दीर साहेबलोकांची मर्जी राखतोय. खुर्ची मिळाली की माणूस बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

अशातच आंतरविद्यापीठ स्पर्धेचं यजमानपद त्यांच्या विद्यापीठाकडे आलं. ते आपसूक आलं नव्हतं. बाईंनीच फोन करकरून, लोकांना हॉलचे फोटो पाठवून ते आणलं होतं. थेट कुलगुरूंकडे जाऊन त्यांनी तारखा पक्क्या केल्या, आणि कुलगुरूंनी त्यांच्यासमोर दिराला फोन लावून सांगितलं, की त्या दिवसांत हॉल फक्त व्हॉलीबॉलचा. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना आपण हवेत चालतोय असं वाटत होतं.

त्या दिवसापासून दिराचा चेहरा उतरला. एका सकाळी तो जिन्यात थांबून म्हणाला, की वहिनी, स्पर्धा शाळेच्या पटांगणात घेतली तर? हवा छान आहे सध्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पर्धा इनडोअरच घ्यायची असते हे तुम्हाला ठाऊक नाही का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्कूटर सुरू केली. नंतर त्यांना आठवलं, की तो आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. पण तेव्हा त्या रस्त्याला लागल्या होत्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी हॉल रिकामा मिळाला. एक खुर्ची नाही, एक सतरंजी नाही. मुलींनी आत येताच आरोळी ठोकली आणि आवाज छतापर्यंत घुमतोय म्हणून पुन्हा ठोकली. बाईंनी दोघींना खांब आणायला पाठवलं. व्हॉलीबॉलच्या जाळीचे खांब जड असतात; ते फ्लोअरमध्ये पुरलेल्या लोखंडी नळीत उभे करायचे, म्हणजे जाळी कितीही ताणली तरी हलत नाहीत. नळीवर एरवी पितळी झाकण असतं. झाकण उचला, खांब सोडा, झालं.

झाकण सापडेना.

संघाची कप्तान रेषेबाहेर आली, खाली बघत उभी राहिली, मग गुडघ्यांवर बसली. बाकीच्या मुलीही रांगायला लागल्या. बाई म्हणाल्या, अगं, डोळे फुटले का तुमचे, इथेच तर होतं. आणि स्वतः जाऊन बघितलं. तिथे फ्लोअर सलग होता. नीट वाकून बघितल्यावर एक गोल दिसला, बशीएवढा, बाकीच्या लाकडापेक्षा किंचित फिकट. बाईंनी त्यावर टाच आपटली. भरीव आवाज आला. दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा गोल होता.

“मॅडम, हे बुजवलंय कुणीतरी,” कप्तान म्हणाली.

बाईंनी दिराला फोन केला नाही. त्या त्याच्या केबिनमध्ये गेल्या, दारात उभ्या राहिल्या आणि फक्त म्हणाल्या, “भाऊजी, चला.” तो कुठे, कशाला, असं काही न विचारता उठला. त्यावरूनच त्यांना कळलं, की त्याला सगळं ठाऊक आहे.

हॉलमध्ये त्या फिकट गोलापाशी उभं राहून त्याने सांगितलं. पदवीदानाच्या रंगीत तालमीत कुलसचिव मिरवणुकीच्या पुढे चालत होते. त्यांना ठेच लागली. ती पितळी झाकणाची लागली की त्यांच्या स्वतःच्याच झग्याची, हे आजवर ठरलेलं नाही. पण सगळ्या प्राध्यापकांच्या डोळ्यांदेखत ते पालथे पडले. उठले ते लालबुंद होऊन. ही भोकं सकाळपर्यंत बुजली पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. दीर म्हणाला होता, साहेब, ती जाळीची आहेत. कुलसचिव म्हणाले होते, जाळी काय, कुठेही बांधता येते. नोकरीला लागून दिराला थोडेच दिवस झाले होते. त्याने माणसं बोलावली, नळ्यांत काँक्रीट भरलं आणि वर लाकडाची चकती बसवून घेतली.

“आणि मला नाही सांगितलंत,” बाई म्हणाल्या.

“रोज जेवायला बसलो की वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही चिडलेल्या असायच्या. नाहीतर खूश असायच्या. दोन्ही वेळा जमायचं नाही.”

मग तो वेळ मारून नेत राहिला. पूर्ण हॉल दिला तर त्या जाळी लावायला जाणार, म्हणून तो अर्धाच देत राहिला. पडदे, पॉलिश, दिवे, सगळी नाटकं त्यासाठीच होती. बाईंना वाटलं होतं त्याला खुर्चीची हवा लागलीय, आणि तो बिचारा एका लपवलेल्या गोष्टीवर रोज नवं पांघरूण घालत होता. हे कळून राग कमी व्हायला हवा होता. तो वाढलाच. मतलबी माणसावर निदान मनसोक्त चिडता तरी येतं.

मुली बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. बाईंनी त्यांना पायऱ्यांवर बसायला सांगितलं आणि त्या कुलसचिवांकडे गेल्या.

कुलसचिवांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की बाकीच्या खेळांनी कधी तक्रार केली नाही. बाकीच्या खेळांना फ्लोअरमध्ये काही रोवावं लागत नाही, बाईंनी सांगितलं. ते म्हणाले, तेच तर. मग एकट्या व्हॉलीबॉलसाठीच खड्डे का?

“सर, उद्या इथे आठ संघ येतायत.”

“येऊ द्या ना. स्वागताची तयारी उत्तम आहे, मी जातीने बघितली. तुम्ही जाळीचं काहीतरी बघा. दोन्हीकडे दोन माणसं धरून उभी केली तर?”

बाईंना वाटलं, ते थट्टा करतायत. त्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ते थट्टा करत नव्हते. बाईंनी चहा तसाच ठेवला आणि उठल्या. कुलगुरू परगावी गेले होते, त्यांचा फोन लागत नव्हता. येताना गाड्यांच्या तळावरून चालत यावं लागलं. डांबरावर पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. इथे कुठेतरी आपली सर्व्हिसची जागा होती, असं त्यांच्या मनात आलं. त्या क्षणी त्यांना कधी नव्हे ते रडू येईल असं वाटलं. पण एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि त्या त्याच्यावर खेकसल्या, त्यामुळे ते राहून गेलं.

हॉलमध्ये परत आल्या तर दीर एका ड्रिल मशीनवाल्या मिस्त्रीला घेऊन उभा होता. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. बाईंनी त्या फिकट गोलाकडे आणि मग मशीनकडे बघितलं.

“द्या इकडे,” त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

दीर मध्ये आला. “वहिनी, तुम्ही नका हात लावू. तुमच्या हातून झालं तर ती नासधूस. माझ्या हातून झालं तर दुरुस्ती. हॉल माझ्या ताब्यात आहे.”

तो बाजूला झाला नाही. बाई मागे सरकल्या.

मशीन सुरू झाल्यावर इतका आवाज झाला की मुलींनी कानांवर हात घेतले. लाकडाचा भुसा उडाला, मग सिमेंटची पांढरी धूळ. पहिल्या नळीतलं काँक्रीट तुकड्यातुकड्यांनी निघालं; दीर पालथा पडून हाताने खडे उपसत होता, त्याचे केस पांढरे झाले होते. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा नळी मोकळी झाली. दोघी मुलींनी खांब उचलून त्यात सोडला. खांब सरळ उभा राहिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मिस्त्री हसला, बाईंनासुद्धा ऊर भरून आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या गोलाखाली नळीच नव्हती. मिस्त्रीने खोलवर खणलं तरी खडी, काँक्रीट आणि तळाला माती. दीर खड्ड्याकडे बघत बसून राहिला. बुजवणाऱ्यांनी एक नळी काढून टाकली असणार. उचकटून वर आली असेल म्हणा, वाकडी झाली असेल म्हणा. तो त्या रात्री पहिल्या नळीपाशी उभा होता. दुसरीकडे त्याने बघितलंच नव्हतं.

हॉलमध्ये एक खांब उभा होता आणि त्याच्या समोर एक खड्डा.

संध्याकाळी मुख्य पंच आले. ते निवृत्त शिक्षक होते, बोलायला अगदी मऊ. नवी नळी आजच बसवली तर, असं दिराने त्यांना विचारलं. काँक्रीट सुकायला वेळ लागतो, तोवर जाळी ताणली तर खांब उपटून एखाद्या मुलीच्या डोक्यात येईल, असं ते म्हणाले. दुसरं टोक पायऱ्यांच्या कठड्याला बांधू, असं कुणीतरी सुचवलं. पंचांनी कठडा हलवून बघितला आणि नकाराची मान हलवली. तुमचा हॉल फार सुंदर आहे हो, असं ते बाईंना म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, म्हणून बाईंना ते जास्तच लागलं.

स्पर्धा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका जुन्या कॉलेजात हलवावी लागली. त्यांचा हॉल पत्र्याचा होता, दिवे पिवळे, कोपऱ्यात कबुतरं. पण जाळीचे खांब कायमचे रोवलेले होते. बाईंनी त्या रात्री उशिरापर्यंत फोनवर आठ संघांची माफी मागितली. त्यांच्या मुली उपांत्य सामन्यापर्यंत पोचल्या आणि शेवटच्या सेटमध्ये हरल्या. छताखाली खेळायची सवयच राहिली नव्हती त्यांना. दिव्यांकडे बघून बॉलचा अंदाज चुकत होता. उंच मुलगी, जिला सगळे जिराफ म्हणत, तिचा शेवटचा स्मॅश जाळीत गेला आणि ती तिथेच उकिडवी बसली. बक्षीस समारंभाला कुलसचिव आले होते. उत्तम क्रीडा सुविधांशिवाय खेळाडू घडत नाहीत, यावर ते बराच वेळ बोलले. बाई पहिल्या रांगेत बसून आपल्या बुटांच्या नाड्या बघत होत्या.

नंतर कुलगुरूंनी बैठक बोलावली. विषय होता, हॉलच्या फ्लोअरची नासधूस. दिराला उभं केलं. तो म्हणाला, की भोकं मी बुजवली आणि मीच उघडली. बुजवायला कुणी सांगितलं तेही त्याने तिथेच, नाव न टाळता सांगितलं. कुलसचिव म्हणाले, आपण तसं नुसतं सहज म्हटलं होतं. मग सगळे बाईंकडे बघायला लागले.

दिराची बाजू घ्यायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. ठरवून आल्या होत्या, की विचारलं तेवढंच बोलायचं.

“चूक त्यांची आहेच,” त्या म्हणाल्या. “माझ्याशी खोटं बोलले ते वेगळं, ते आमचं घरात बघू. पण इतके महिने या हॉलमध्ये जाळी लागली नाही, आणि ती का लागत नाही हे इथल्या एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा वेळच मागत बसले. फ्लोअरकडे बघितलं नाही.”

नव्या नळ्या बसवायचं ठरलं. त्यासाठी समिती नेमली गेली, आणि समितीने सुट्टी संपेपर्यंत काम करून घेतलं, ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट. दिराची बदली वसतिगृहांच्या कार्यालयात झाली. कुलसचिवांचं काही झालं नाही.

घरात पुढे बरेच दिवस बाई आणि दीर एकमेकांशी कामापुरतंच बोलले. मीठ द्या, गेट लावलं का, एवढंच. जाऊ मध्ये पडायला बघायची, पण बाई दाद देत नव्हत्या. त्यांना त्याच्या पांढऱ्या झालेल्या केसांची आठवण यायची आणि पाठोपाठ पॉलिशच्या थापेची यायची, आणि दोन्हींची बेरीज काही केल्या जमत नव्हती. शेवटी सासूबाईंनी एका रात्री सुनेला जवळ बसवून घेतलं. “तो लहानपणापासून असाच आहे गं,” त्या म्हणाल्या. “कप फोडला की तुकडे लपवायचा. पण तुकडे वेचताना हात कापला तरी रडायचा नाही.” बाई म्हणाल्या, मला कपाचं सांगू नका. तरी त्या रात्री त्यांनी वरच्या मजल्यावर दुधाचं पातेलं पाठवताना जावेऐवजी दिराला हाक मारली.

नव्या सत्रात शेजारच्या कॉलेजचा संघ मैत्रीचा सामना खेळायला आला. हॉलमध्ये जाळी ताणून बसली होती. आयत्या वेळी एक रेषापंच आला नाही. बॉल रेषेच्या आत पडला की बाहेर, हे झेंडा दाखवून सांगायचं, एवढंच त्याचं काम. बाईंनी पायऱ्यांवर नजर टाकली. दीर वरच्या कोपऱ्यात बसला होता. कुणी बोलावलं नसताना आला होता.

“भाऊजी,” बाईंनी हाक मारली, “खाली या. झेंडा धरा.”

तो आला आणि कोपऱ्यात ताठ उभा राहिला. सामना चांगला रंगला. शेवटच्या सेटमध्ये गुण बरोबरीत असताना जिराफने असा स्मॅश मारला की समोरच्या मुली जागच्या हलल्या नाहीत. बाईंच्या मुली उड्या मारत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दिराने झेंडा वर केला. बॉल बाहेर होता.

मुली त्याच्याकडे धावल्या. कप्तान म्हणाली, काका, नीट बघा, रेषेला लागला होता. तो कावराबावरा झाला, त्याने एकदा वहिनींकडे बघितलं. झेंडा मात्र खाली आला नाही.

बाईंनाही दिसलं होतं. बॉल बोटभर बाहेर पडला होता. त्यांना दिराचा, बॉलचा आणि जिराफचा असा एकाच वेळी राग आला, की शिट्टी ओठांत घट्ट धरावी लागली.

“जागेवर चला,” त्या मुलींना म्हणाल्या. “बाहेरच होता.”